शब्दचर्चा: नागरिक, व्यक्ती, रहिवासी, परदेशी... हक्क नेमके कुणाचे?

गोदाकाठ:
पुतणीचं डोमिसाईल काढायला सेतूत गेलतो. दाखल्याचं पूर्ण नाव बघितलं तर "वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र". त्याला रहिवासी दाखला जोडा म्हणले, टीसी जोडा म्हणले, आणि टीसीवर परत "राष्ट्रीयत्व: भारतीय" छापलेलंच. तर रहिवास, अधिवास, राष्ट्रीयत्व, नागरिकत्व हे शब्द कुठं एक होतात न कुठं येगळे? दुसरं असं की यातलं काहीच ज्याच्यापाशी नाही त्याला मराठीत काय म्हणावं आणि त्याला मूलभूत हक्क असतात का नाही? आमच्या पारावर सगळे म्हणायलेत की हक्क फक्त नागरिकाला, बाकीच्यांना कशाचे आलेत हक्क.

काळाकोट:
पारावरचं अर्धं खरंय. संविधानाचा तिसरा भाग काढा आणि हक्क कुणाला दिलाय तेवढा एकच शब्द बघत जा. १४ मध्ये (कायद्यापुढं समानता) "कोणत्याही व्यक्तीस", २१ मध्ये (जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्य) पण "कोणत्याही व्यक्तीस". एकाच गुन्ह्यात दोनदा शिक्षा नको (२०), अटक केली तर कारण सांगा, वकील करू द्या, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करा (२२), आपापला धर्म पाळू द्या (२५), हे सगळं व्यक्तीचं. आता १५, १६, १९ ला या, तिथं शब्द बदलतो न "नागरिक" येतो. जात, धर्म, लिंग यावरून सरकारनी भेदभाव करू नये, सरकारी नोकरीत समान संधी, बोलायचं, जमायचं, संघटना काढायचं, देशभर कुठंबी फिरायचं राहायचं आणि धंदा करायचं स्वातंत्र्य, हे नागरिकाचं. मतदान तर अर्थातच. २२ ला मात्र अपवाद आहे, शत्रुदेशाच्या माणसाला अटकेतलं हे संरक्षण मिळत नाही, आणि प्रतिबंधक स्थानबद्धतेचे (गुन्हा घडायच्या आधीच कोंडून ठेवण्याचे) नियमही वेगळे.

एक गंमत, २१क मध्ये (मोफत आणि सक्तीचं शिक्षण) यातला एकही शब्द नाही. तिथं "बालक" आहे. सहा ते चौदा वर्षांचं सगळं बालक, कुणाचंय विचारलेलं नाही.

मास्तर:
व्यक्ती स्त्रीलिंगी शब्द आहे ना, त्यामुळं मराठी संविधानात २१ मध्ये "तिचे जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य" असं येतं. नागरिकशास्त्र शिकवायचो तेव्हा दरवर्षी एखादं कार्टं विचारायचंच, सर हे फक्त बायकांसाठीय का. मी म्हणायचो हाव, तू बायकांच्या पोटी आलास म्हणून तुलाबी लागू. इंग्रजी मसुद्यांचा ताप उलटा असतो. १९४८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात पहिल्या कलमात "सगळे पुरुष" असा अर्थ निघेल असा शब्द होता, तो आपल्या हंसा मेहतांनी बदलायला लावला.

आता मूळ प्रश्नावर येतो. आपल्या भागात नागरिक हा शब्द उशिरा आला हो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाची रयत. रयतेला हक्क नसतात, हुजुरांची मेहेरबानी असते. आणि त्या राज्यात माणसं मोजायची फूटपट्टी होती मुल्की (मुलखातला) आणि गैरमुल्की (बाहेरचा). उत्तरेतून येऊन मोठमोठ्या नोकऱ्या पटकावतात अशी ओरड होती म्हणून मुल्की नियम आले, १९१९ च्या फर्मानात ठरलं की १५ वर्षं राज्यात राहिलेला माणूस मुल्की. आमच्या घरातले म्हातारे पुढं कितीतरी वर्षं शेजारच्या गावच्या सुनेलाबी गैरमुल्की म्हणायचे, चेष्टेत. तर गंमत बघा, आजबी डोमिसाईलला महाराष्ट्रात १५ वर्षांचाच पुरावा मागतात! निजाम गेला, पोलीस ॲक्शन झाली, मराठवाडा आधी मुंबई राज्यात मग महाराष्ट्रात आला, आकडा तोच.

काळाकोट:
सर आकडा जुळतोय, पण तेवढ्यावरून ते तिथून आलं असं नका म्हणू. आणि "अधिवास" हा शब्दच इथं चुकीच्या जागी बसलाय असं माझं मत. संविधानाच्या ५ व्या अनुच्छेदात अधिवास (म्हणजे कायमचं राहायच्या इराद्यानं राहणं) येतो तो "भारताच्या राज्यक्षेत्रात". २६ जानेवारी १९५० ला ज्याचा अधिवास भारतात आणि जो स्वतः किंवा ज्याचे आई नाहीतर बाप इथं जन्मलेले, किंवा जो त्याआधी निदान पाच वर्षं इथं राहिलेला, तो नागरिक. हैदराबाद संस्थानातली आपली माणसं अशीच नागरिक झाली, कुणी अर्ज केला नव्हता. सुप्रीम कोर्टानं १९८४ मध्ये प्रदीप जैन केसमध्ये साफ सांगितलंय की देशात अधिवास एकच, भारताचा, राज्याराज्याचा अधिवास असा प्रकार नसतोय. तरी तहसील डोमिसाईल देतच आहे. म्हणून गोदाकाठ दादा, तुमच्या पुतणीचा दाखला म्हणजे "महाराष्ट्रात इतकी वर्षं राहती" एवढंच. राष्ट्रीयत्व त्यात लिहिलंय म्हणून तो नागरिकत्वाचा पुरावा होत नाही. नागरिकत्व १९५५ च्या कायद्यानं ठरतं.

सेतूताई:
हे आमच्या काउंटरवर येऊन सांगा वकीलसाहेब, मला दिवसभर तेच समजावावं लागतंय 😅 रहिवासी म्हणजे आज राहतो कुठं, एवढं सोपं आहे पण लोकांना वाटतं दाखला नाही म्हणजे हक्कच नाही. आमच्या तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या कोयते घेऊन कर्नाटकात साखर कारखान्यावर जातात, मुकादमाची उचल घेतलेली असते, दिवाळीनंतर गाव रिकामं, पाच सहा महिने तिकडं पालात. तिथले रहिवासी ते नाहीत, तिथला दाखला त्यांना कुणी देणार नाही, पण नागरिक म्हणून तिथं राहायचा न काम करायचा हक्क पूर्ण आहे. आणि लेकरं सोबत असली तर वरती सांगितलेलं ते बालकवालं, म्हणजे शाळेनं तुम्ही इथले नाहीत म्हणून परत पाठवायचं काही कारणच नाही. तरी पाठवतात.

परदेशी_मीच:
माझं आडनाव परदेशी. पणजोबाच्याही आधीपासून आम्ही मराठवाड्यात, घरात बोली थोडी हिंदीकडं झुकती पण शिव्या शुद्ध मराठी. पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनला हवालदारानी रजिस्टरमध्ये नाव वाचलं आणि विचारलं, परदेशी आणि भारतीय पासपोर्ट मागायलेत का. तर जाणकारांनी सांगावं, परदेशी, विदेशी, परकीय यात फरक काय?

मास्तर:
पूर्वी परदेश म्हणजे दुसरा मुलूख एवढंच. उत्तरेतून आलेला शिपाईगडी, हलवाई, तो परदेशी. तुमचं आडनाव त्या अर्थाचं. विदेशी आता मालाला आणि दारूला जास्त चिकटलाय. परकीय मध्ये थोडं वैर आहे, परकीय सत्ता, परकीय आक्रमण.

काळाकोट:
कायद्यात वैर बिर नाही. १९४६ च्या फॉरेनर्स ॲक्टमध्ये व्याख्या होती की जो भारताचा नागरिक नाही तो परदेशी, संपला विषय. तो कायदा जाऊन २०२५ चा नवा आला, व्याख्या तीच राहिली. अमेरिकेचा पासपोर्ट घेतलेला आपल्या गावचा इंजिनिअर, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळतं ते) असलं तरी परदेशीच, मत नाही, १६ खालची नोकरीची समान संधी नाही. विद्यापीठात शिकायला आलेला येमेनचा पोरगा परदेशी. आणि ज्याला जगातला कुठलाच देश आपला म्हणत नाही तोही त्याच डब्यात. गोदाकाठ दादांनी विचारलेल्या माणसाला आपल्या कायद्यात वेगळी खोलीच नाही. १९५४ चा संयुक्त राष्ट्रांचा करार आहे अशा लोकांसाठी, भारतानं त्यावर सही केलेली नाही.

आता या डब्यातल्या माणसाला काय मिळतं ते कोर्टांनी वेळोवेळी सांगितलंय. अरुणाचलातल्या चकमा लोकांना (पूर्व पाकिस्तानातून आलेले निर्वासित) हुसकावून लावायला निघाले होते तेव्हा १९९६ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की नागरिक असो नसो, जीवाचं रक्षण करणं राज्याचं काम. हावड्याला रेल्वेच्या यात्री निवासात बांगलादेशी बाईवर अत्याचार झाला, रेल्वेचं म्हणणं की ती परदेशी, तिला कसली भरपाई, तर २००० मध्ये कोर्टानं २१ खाली १० लाखांची भरपाई कायम केली. आपल्या औरंगाबाद खंडपीठानं ऑगस्ट २०२० मध्ये तबलिगी जमातच्या धार्मिक कार्यक्रमाला आलेल्या २९ परदेशी लोकांवरचे गुन्हे रद्द केले. पण उलटी बाजू पण सांगतो, नाहीतर अर्धवट होईल. १९ नागरिकाचा असल्यामुळं "मला इथंच राहू द्या" हा हक्क त्यांना नाही. म्यानमारमधून पळून आलेल्या रोहिंग्यांच्या अर्जावर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं हेच म्हणलं, १४ आणि २१ सगळ्यांना आहेत पण हद्दपार न होण्याचा हक्क १९ ला जोडलेला आहे. म्हणजे इथं आहे तोवर मारायचं नाही, कोंडायचं तर कायद्यानंच, पण बाहेर काढता येतं. आणि ज्याला कुणी देशच घेत नाही त्याला काढणार कुठं? तो मग आतमध्येच पडून राहतो. माझ्या मते सगळ्यात कच्चा दुवा हाच आहे.

सेतूताई:
पण इथं जन्मलेलं लेकरू असं कसं होईल? जन्मदाखला तर आपण देतोच की.

काळाकोट:
जन्मदाखला आणि नागरिकत्व वेगळं, ताई. १ जुलै १९८७ च्या आधी इथं जन्मला तो नागरिक, आईबाप कोण ते बघत नव्हते. त्यानंतर आईबापापैकी एक नागरिक पाहिजे. ३ डिसेंबर २००४ पासून एक नागरिक पाहिजे आणि दुसरा अवैध स्थलांतरित नको. दोघंही विनाकागद आणि त्यांचा देशबी हात वर करायला, तर ते लेकरू कुणाचंच नाही.

गोदाकाठ:
बाप रे. मग शब्द कोणता घ्यावा? राज्यहीन, राष्ट्रहीन, देशहीन तिन्ही वाचलेत.

मास्तर:
राष्ट्रहीन नको. राष्ट्रद्रोहीचा चुलतभाऊ वाटतो, माणसालाच दोष लागतो. देशहीन कवितेत शोभेल.

परदेशी_मीच:
राज्यहीन पण नको हो, महाराष्ट्रात राज्य म्हणलं की लोकांना मंत्रालय दिसतं. डोमिसाईल न मिळालेला पोरगा म्हणेल मी राज्यहीन.

काळाकोट:
खरं तर राज्यहीन तांत्रिकदृष्ट्या बरोबरय, कारण १४ ची सुरुवातच "राज्य, कोणत्याही व्यक्तीस..." अशी होते आणि तिथलं राज्य म्हणजे सरकार, संसद, विधिमंडळ, जिल्हा परिषद, सगळं (१२ वा अनुच्छेद बघा). पण सामान्य वाचकाला ते कळणार नाही हे मान्य. मी अर्जात "कोणत्याही देशाचे नागरिकत्व नसलेली व्यक्ती" असं सरळ लिहितो. लांब होतं, पण १४ आणि २१ मधला "व्यक्ती" त्याच ओळीत येऊन बसतो आणि युक्तिवादाला बरं पडतं.

सेतूताई:
लांब चालतंय, फॉर्मच्या रकान्यात मावलं म्हणजे झालं. आमच्या सॉफ्टवेअरला अक्षरांची लिमिट आहे 🙏