घरात टिकलेली एक सवय सांगा (फसलेलीही चालेल)

गेल्या पाडव्याला तेलाच्या डब्यावर मी मार्करने तारीख लिहिली, ती किराणावाल्याशी भांडायला. डबा लवकर संपतो म्हणजे मापात मारतोय, असं सासूबाईंचं ठाम मत. १५ लिटरचा डबा, खाणारे चौघं. संपला तो बरोब्बर तीन महिन्यांनी. त्याच सुमारास नवऱ्याचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं आणि डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "महिन्याला तेल किती आणता?" माणशी अर्धा लिटर धरा, म्हणाले. त्या हिशोबाने डबा साडेसात महिने जायला हवा होता. किराणावाला निर्दोष सुटला.

आता डबा बंद. एक तारखेला दोन लिटर तेल काचेच्या बरणीत ओतते, बरणी ओट्यावर सगळ्यांना दिसेल अशी. फोडणीला पळीऐवजी चहाचा चमचा. पहिले दोन महिने २० तारखेलाच बरणी कोरडी पडली, शेजारून वाटीभर आणलं. हल्ली २८ पर्यंत जाते. दिवाळीचा महिना हिशोबात धरत नाही, धरणारही नाही.

तुमच्या घरातलं असंच काही या धाग्यावर खाली लिहा. फक्त 'अमुक पानांचा रस अनशापोटी' नको. तो आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर रोज सकाळी सहाला येतो.

*ठाण्याहून, माहेर बार्शीकडचं*
ज्वारीच्या मुलखात वाढले आणि लग्नानंतर वीस वर्षं पोळ्याच लाटल्या. सासऱ्यांची शुगर वाढली तेव्हा रात्री भाकरी करायचं ठरवलं. पहिल्या आठवड्यात एकही भाकरी तव्यापर्यंत अखंड पोचली नाही. आईला फोन केला. तिने एवढंच विचारलं, "पीठ कधीचं?" महिन्याचं. "मग त्याला विरी कुठून राहणार?" विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. आता गिरणीतून आठवड्यापुरतंच दळून आणते, उकळत्या पाण्यात मळते, जमतं.
पण खरी गोष्ट पुढे आहे. भाकरी पथ्याची म्हणून सासरे तीन-तीन खायला लागले! पुढच्या तपासणीत आकडा होता तिथेच. डॉक्टर म्हणाले, ज्वारीतही पिष्ट असतंच की, मोजून खा. आता दीड भाकरी आणि अर्धं ताट भाजी-कोशिंबीर. गोळ्या चालूच आहेत, एक कमी झाली. ते श्रेय भाकरीला देतात, मी उरलेल्या दीड भाकरीला देते.

*फोंड्याहून*
आमच्याकडे मीठ. आईचा रक्तदाब औषध घेऊनही उतरेना. ती शपथेवर सांगायची, "मी वरून मीठ घेतच नाही." खरंच घेत नव्हती. पण सकाळच्या पेजेबरोबर लोणचं, दुपारी भाजलेला सुका बांगडा, रात्री पापड! माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ असावं, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, आणि त्यात हे सगळं आलं. आम्ही चौघं, म्हणजे किलोची पुडी पन्नास दिवस जायला हवी. जात होती तीस. बांगडा रोजचा रविवारवर आला, यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही. कढीत मीठ कमी करून कोकम वाढवलं, ते मात्र कुणाच्या लक्षातही आलं नाही.

*मराठवाड्यातून*
आमच्या गावात नळाला आठ दिवसांनी पाणी. त्यामुळे रांजण, टाकी, बादल्या, सगळं भरलेलं. मुलाला डेंग्यू झाला. ताप उतरला आणि आम्ही निर्धास्त झालो, तर नेमकं तेव्हाच पोट दुखायला लागलं, उलट्या सुरू. आत्याबाई पपईच्या पानांचा रस पाजत होत्या. दवाखान्यात डॉक्टर चिडले: ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवसच धोक्याचे असतात, पोटदुखी आणि उलट्या दिसल्या की लगेच यायचं. सलाईनवर चार दिवस काढले, पोरगं सावरलं.
तेव्हापासून शनिवार कोरडा दिवस. नुसतं पाणी ओतून टाकून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी मरत नाहीत. म्हणून नारळाच्या काथ्याने रांजण आतून खसाखसा घासायचा, उन्हात पालथा घालायचा. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याला एकदा पुरतं. फ्रिजमागचा ट्रे मी विसरले होते, तो मुलानेच दाखवला. वळवळत होत्या अळ्या.

*डोंबिवलीहून*
माझी फसलेली. २०२० मध्ये काढा सुरू केला: सुंठ, मिरी, दालचिनी, लवंग, दिवसातून तीनदा. बाबांना अॅसिडिटी आधीच होती, पंधरा दिवसांत छातीत जळजळ एवढी की रात्री बसून काढायचे. आम्ही घाबरून ईसीजी काढला. काढा बंद केल्यावर आठवड्यात थांबलं. मसाल्याचे डबे मात्र तीन वर्षं पुरले.

*सांगलीहून*
बाळाला मधाचं बोट चाटवायची आमच्याकडे रीत. बालरोगतज्ज्ञांनी वर्षाच्या आत मध अजिबात नको म्हणून बजावलं. मधात असणारे काही जिवाणू इवल्या आतड्यात वाढून विष तयार करतात म्हणे. आजेसासूबाईंना मी सांगितलं असतं तर महाभारत झालं असतं. त्यांना दवाखान्यात नेलं, डॉक्टरांच्या तोंडून ऐकवलं. परत येताना रिक्षात म्हणाल्या, "मग टाळूवर तेल तरी घालू देतील ना?" घालू दिलं. नाकात-कानात नाही.

*म्युनिकहून*
शतपावली. जानेवारीत उणे सहामध्येही, जेवण झालं की दहा मिनिटं. शेजारच्या जर्मन आजींना वाटायचं आमचं रोज भांडण होतं.

*ठाण्याहून, पुन्हा*
धागाकर्तीला एक विचारायचं होतं. त्या दोन लिटरमध्ये तूप धरलंय का?

*धागाकर्ती*
तुपाचं कुणी विचारेल अशी भीती होतीच. सासूबाई शेजारी बसून वाचताहेत, नंतर लिहिते.