'दॅट' म्हणजे 'ते', मग 'इट' म्हणजे काय?

दापोलीकडच्या एका शिक्षिकेचा प्रश्न: मुलं पाठ करतात, 'दॅट' म्हणजे ते आणि 'इट' म्हणजेही ते. मग वाक्यात कुठे काय घालायचं?

प्रश्न रास्त आहे. आपले तो-ती-ते दोन कामं करतात. लांबची वस्तू दाखवायची तरी तेच, आणि जिचं बोलणं आधीच चाललंय तिचा परत उल्लेख करायचा तरी तेच. इंग्रजीने वाटणी केली आहे: दाखवायला 'दॅट', उल्लेखाला 'इट'.

हर्णैला टोपल्यांपुढे उभं राहून "मावशी, ती केवढ्याला?" म्हटलं तर भाव सुरमईचा विचारलाय. "तो" म्हटलं तर हलव्याचा, "ते" म्हटलं तर पापलेटाचा. शेजारी शेजारी मांडलेली मासळी नुसत्या लिंगावरून ओळखता येते. इंग्रजीत तिन्हींना एकच 'दॅट', म्हणून तिथे बोट तरी दाखवावं लागतं, नाहीतर माशाचं नाव तरी घ्यावं लागतं. वाटे अनेक असले की 'दोज', तिथेही लिंग नाहीच.

आता पुढचं ऐका. "हे नको, *ते* दे" यात 'ते'वर आघात आहे, हात पुढे गेलेला आहे, हा 'दॅट'. भाव ठरला, पैसे काढले आणि "दे ते" म्हणालात, तर 'ते' वाक्याच्या शेपटाला जाऊन बसलं, आघात गेला; हा 'इट'. मुलांना मी एवढंच सांगेन: बोट दाखवावंसं वाटलं तर 'दॅट'. शंभर टक्के लागू पडत नाही, पण नव्वद टक्के चुका टळतात.

मालवणी बोलणाऱ्या पोरांना 'दिस' आणि 'दॅट' शिकवणं त्याहून सोपं. हंयसर आसा तां 'दिस', थंयसर आसा तां 'दॅट'. (फक्त 'दिस' म्हटल्यावर त्यांना आधी दिवस आठवणार, त्याला इलाज नाही.)

पण अंतर फक्त जागेचं नसतं. पाहुणा सोलकढी पितो, रिकामा पेला हातातच असतो आणि म्हणतो, 'दॅट वॉज गुड'. पेला हातात, मग 'दॅट' का? कारण पिणं संपलं. इंग्रजीत जे उरकलं ते लांब गेलं. आपण तिथे "मस्त होती हां कढी" म्हणून मोकळे होतो, दर्शक सर्वनाम लागतच नाही. मे महिन्यात गावोगावच्या मैदानांवर ओरडलं जाणारं 'हाऊझॅट' याच जातीचं: त्यातला 'दॅट' म्हणजे आत्ता घडून गेलेली गोष्ट. क्रिकेटच्या ३१व्या नियमाप्रमाणे हे अपील बाद होण्याच्या सगळ्या प्रकारांना पुरतं, झेल की पायचीत ते वेगळं सांगावं लागत नाही.

फोनवर ब्रिटिश माणूस समोरच्याला 'हू इज दॅट' विचारतो, अमेरिकन 'हू इज दिस'. दोन्ही बरोबर.

माणसांच्या बाबतीत मात्र जपून. ओळख करून देताना किंवा विचारताना 'दॅट इज माय आंटी' चालतं. त्यापुढे 'दॅट इज कमिंग टुमॉरो' म्हणालात तर आत्याबाईंची वस्तू झाली. तिथे 'शी'च हवं. आपल्या 'त्या उद्या येतायत' मधला मान इंग्रजी सर्वनामात मावत नाही. आणि नवऱ्याला 'आमचे हे' म्हणण्याची सोय तर इंग्रजीत नाहीच नाही.

'की' या अर्थाचा 'दॅट' निराळा. त्याचा उच्चार तोंडातल्या तोंडात, 'दट'सारखा होतो आणि बोलताना बहुतेक वेळा तो गाळतात. दाखवायच्या 'दॅट'चा उच्चार कधीच असा पडत नाही.

एकाने विचारलंय की संस्कृत 'तत्' आणि 'दॅट' यांतलं साम्य योगायोगाचं का. अजिबात नाही, दोघं एकाच कुळातले. मूळचा 'त' जर्मानिक भाषांत (म्हणजे इंग्रजी, जर्मन ज्या शाखेतल्या, तिच्यात) 'थ' झाला: त्रि आणि थ्री, तृष्णा आणि थर्स्ट. जर्मन भाषापंडित याकोब ग्रिमने १८२२ मध्ये हा नियम मांडला. जुन्या इंग्रजीत तीन लिंगांची रूपं साधारण 'से, सेओ, थॅट' अशी होती. शेजारी सः, सा, तत् ठेवून बघा: पहिल्या दोघांत 'स', नपुंसकात 'त'. पुढे इंग्रजीतली लिंगं गळाली, आणि नपुंसकलिंगी रूप तेवढं उच्चार मऊ होऊन सगळ्यांच्या वाट्याला आलं.