मदत हवी आहे: थ्रॉटल स्विच की टीपीएस?

मंडळी, वडिलांची 1997 ची पेट्रोल गाडी आहे, इंजेक्शनवाली. साताऱ्यात पोवई नाक्यावर पाय उचलला की आयडल (पाय न देता इंजिनाचे मिनिटाला फेरे) कधी 1500 वर अडकतं, कधी गाडी बंदच पडते. यवतेश्वरचा घाट मात्र खुशाल चढते! मेस्त्री म्हणाले, टीपीएस (थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची हवेची झडप, किती उघडली ते कळवणारा सेन्सर) गेलाय. भंगारातून एक आणलाही, तीन पिनांचा, जॅक तंतोतंत बसतोय.

पण जुना काढून हातात घेतला, तर फिरवताना सुरुवातीलाच बारीक 'टिक' वाजतं. मल्टिमीटर लावला. थ्रॉटल बंद असताना पिनांच्या एका जोडीत कंटिन्युइटी (आतून जोड लागलेला), जरा फिरवलं की तुटते, मधे काहीच नाही, आणि पूर्ण उघडल्यावर दुसरी जोडी जुळते. म्हणजे हा स्विचच ना? ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) फक्त 'पाय उचललाय' आणि 'पूर्ण दाबलाय' एवढंच कळवणारा. आणलेल्यात टिक नाही, ओहम हळूहळू सरकतात. तो 5 व्होल्ट घेऊन साधारण अर्ध्यापासून साडेचार व्होल्टपर्यंत सिग्नल देणाऱ्यातला. मेस्त्रींचं एकच, "लावून तर बघू ओ." मला ईसीयूची धास्ती.

जुन्याचा आयडल कॉन्टॅक्ट दहातून तीनदा लागतच नाही. स्क्रू ढिले करून, थ्रॉटल बंद होतानाच टिक येईल असा फिरवून बसवला तर भागेल का? की आतले कॉन्टॅक्टच गेलेत? सातारा-कराडकडे कुणाकडे असा जुना स्विच पडून असेल तर कळवा.