२,५०० माणसं, ३० मीटिंग रूम: टीम्स, झूम की दोन्ही? आणि सांभाळायचं कोणी?

चाकणकर_आयटी
मंडळी, नमस्कार. वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी आहे. हेड ऑफिस पुण्यात, प्लांट चाकण, रांजणगाव आणि नाशिकला सातपूर. २,५०० मेलबॉक्स, सगळे मायक्रोसॉफ्ट ३६५ वर. मीटिंग रूम ३०: लहान १८, आठ-दहा जणांच्या १०, बोर्डरूम २. सध्या प्रत्येक खोलीत टीव्ही, एचडीएमआय केबल आणि ज्याचा त्याचा लॅपटॉप. सेल्सने आपल्या बजेटातून झूम घेतलंय. जर्मनीचे ग्राहक वेबेक्सची (सिस्कोची मीटिंग सेवा) लिंक पाठवतात. बोर्डरूममध्ये जुने एच.३२३ चे कोडेक (व्हिडिओ कॉलची जुन्या पद्धतीची यंत्रं) आहेत, त्यांचा एएमसी (वार्षिक देखभाल करार) मार्चअखेर संपतो. वरून फर्मान आहे की "एकच काहीतरी ठरवा".

तक्रारी नेहमीच्याच: आवाज तुटतो, घुमतो, मीटिंगची पहिली दहा मिनिटं केबल शोधण्यात जातात. सगळं एका छत्राखाली आणावं का? खोल्यांत काय बसवावं? आणि हेल्पडेस्कला चारच माणसं असताना हे चालवायचं कसं?

रूममास्तर
प्लॅटफॉर्म निवडण्यात महिने घालवू नका. मेल आणि कॅलेंडर जिथे, मीटिंग तिथे. तुमच्याकडे ते मायक्रोसॉफ्टचं टीम्स आहे. फक्त परवाना कधीचा आहे ते बघा. मायक्रोसॉफ्टने १ एप्रिल २०२४ पासून नव्या एन्टरप्राइज ग्राहकांसाठी टीम्स वेगळं काढलं होतं, त्यामुळे आपल्या प्लॅनमध्ये ते आहे की वेगळं घ्यावं लागणार हे रिसेलरकडून लेखी घ्या.

झूम लगेच बंद करायला जाऊ नका, सेल्सवाले रान उठवतील. झूमच्या ॲडमिन पोर्टलमधून गेल्या ९० दिवसांत खरोखर मीटिंग कोणी घेतल्या ते काढा. दुसऱ्याच्या मीटिंगमध्ये जायला परवाना लागत नाही, घेणाऱ्यालाच लागतो. तेवढ्यांचे ठेवा, बाकीचे रिन्यूअलला सोडून द्या.

खोल्यांचं म्हणाल तर लहान खोलीत अँड्रॉइडवर चालणारा व्हिडिओ बार पुरतो. कॅमेरा, माइक, स्पीकर, प्रोसेसर सगळं एकात. कॅमेऱ्याचा कोन ११०-१२० अंशांचा बघा, नाहीतर टेबलाच्या कडेला बसलेले दोघे फ्रेमबाहेर जातात. बोर्डरूमला विंडोजवरची टीम्स रूम (खोलीत कायम बसवलेला, टीम्स चालवणारा संगणक) आणि टेबलावर टच कन्सोल. मधल्या दहा खोल्यांत दोन्ही चालतं, पण अँड्रॉइड घेताना मायक्रोसॉफ्टच्या प्रमाणित उपकरणांच्या यादीत त्या मॉडेलच्या प्रमाणपत्राची मुदत कधी संपते ते बघाच. स्वस्तात देऊ केलेला माल बहुधा त्या तारखेच्या जवळ आलेला असतो.

टीम्स रूम्स बेसिक परवाना फुकट आहे, पण एका कंपनीला २५ पर्यंतच. दोन स्क्रीन, दुरून व्यवस्थापन वगैरे विकतच्या प्रो परवान्यात. म्हणजे बोर्डरूम आणि वापर जास्त असलेल्या खोल्यांना प्रो, बाकीच्यांना बेसिक. कर्मचाऱ्याचा मायक्रोसॉफ्ट ३६५ चा ई३ परवाना खोलीला चिकटवू नका, ते चालत नाही.

आता सगळ्यात जास्त घोळ जिथे होतो ते, खोलीचं रिसोर्स अकाउंट (खोलीचं स्वतःचं खातं, ज्यावर ती बुक होते आणि यंत्र साइन-इन करतं). पासवर्ड "कधीच संपणार नाही" असा ठेवा. नाहीतर ९० दिवसांची पॉलिसी लागते आणि एका सोमवारी सकाळी सगळ्या खोल्या साइन-आउट झालेल्या सापडतात. मोबाइलवर कोड येणारा एमएफए (पासवर्डनंतरची दुसरी तपासणी) या खात्याला जमत नाही, कारण कोड टाकायला तिथे माणूस नसतो. त्याऐवजी कंडिशनल ॲक्सेसमध्ये (साइन-इनवर अटी घालायची सोय) ठरावीक नेटवर्क आणि कम्प्लायंट, म्हणजे कंपनीचे नियम पाळणारं, डिव्हाइस अशी अट घाला.

मग पॉवरशेलमध्ये (ॲडमिनची कमांड द्यायची खिडकी) खोलीच्या कॅलेंडरसाठी सेट-कॅलेंडरप्रोसेसिंग ही कमांड: ऑटोमेटप्रोसेसिंग "ऑटोॲक्सेप्ट", डिलीटकॉमेंट्स "फॉल्स", डिलीटसब्जेक्ट "फॉल्स", प्रोसेसएक्स्टर्नलमीटिंगमेसेजेस "ट्रू". शेवटचं विसरलात तर जर्मनीहून खोलीला पाठवलेलं आमंत्रण खोली घेतच नाही. डिलीटकॉमेंट्स चालू राहिलं तर आमंत्रणाचा मजकूर पुसला जातो, त्यासोबत वेबेक्सची लिंक जाते आणि कन्सोलवर "जॉइन" बटण दिसत नाही. लोक म्हणतात मशीन बिघडलं.

वेबेक्स आणि झूमसाठी टीम्स रूममध्ये डायरेक्ट गेस्ट जॉइन (दुसऱ्या सेवेच्या मीटिंगला खोलीतून थेट पाहुणा म्हणून जायची सोय) चालू करा. सोयी कमी मिळतात, पण वेगळं यंत्र लागत नाही. यातही एक खोच आहे: मेल गेटवे (येणारी मेल तपासणारा फिल्टर) किंवा मायक्रोसॉफ्टचं सेफ लिंक्स सुरक्षिततेसाठी लिंक बदलून टाकतं, मग खोलीला ती वेबेक्सची आहे हेच कळत नाही. वेबेक्स आणि झूमची डोमेन त्या बदलातून वगळा.

एच.३२३ चा एएमसी वाढवू नका. जुने कोडेक टीम्सला जोडणारी इंटरऑप सेवा मिळते, पण दोनच खोल्यांसाठी दरवर्षी ते पैसे मोजण्यात अर्थ नाही. कोडेक काढाल त्या दिवशी फायरवॉलवरचे १७२० आणि ५०६० पोर्टही (असे कॉल आत येण्याचे दरवाजे) बंद करा. ते उघडे असले की रात्री-बेरात्री स्कॅनरचे भुताटकीसारखे कॉल येत राहतात.

पॅकेटमोजणी
रूममास्तरांचं बरोबर, पण "आवाज तुटतो" याचं उत्तर खोलीत नाही, फायरवॉलवर आहे. टीम्सचा आवाज आणि चित्र यूडीपीच्या (डेटाचं हरवलेलं पॅकेट परत न मागवणारी पद्धत) ३४७८ ते ३४८१ पोर्टांवर जातं. हे बंद असेल तर क्लायंट (टीम्सचं ॲप) गुपचूप टीसीपी ४४३ वर उतरतो. मीटिंग लागते, म्हणून नेटवर्कवाले म्हणतात सगळं ठीक आहे. पण टीसीपीत हरवलेलं पॅकेट परत मागवलं जातं, आणि ते येईपर्यंत बोलणारा पुढच्या वाक्यावर गेलेला असतो. झूमला यूडीपी ८८०१ ते ८८१०, गूगल मीटला ३४७८ आणि १९३०२ ते १९३०९.

आधी हे तपासा: चाकण आणि सातपूरचं इंटरनेट तिथूनच बाहेर पडतं, की एमपीएलएसवरून (शाखा जोडणारी खासगी लाइन) पुण्याच्या फायरवॉलला वळसा घालून? वळसा असेल तर प्रत्येक प्लांटला स्थानिक ब्रेकआउट (तिथूनच इंटरनेटला बाहेर पडायची वाट) द्या. प्रॉक्सी (इंटरनेटकडे जाताना लागणारा मधला सर्व्हर) आणि एसएसएल इन्स्पेक्शनमधून (कूटबद्ध ट्रॅफिक उघडून तपासणं) मीडिया, म्हणजे आवाज-चित्र, वगळा, व्हीपीएनला स्प्लिट टनेल करा, म्हणजे मीटिंगचा ट्रॅफिक व्हीपीएनबाहेरून जाऊ द्या. मायक्रोसॉफ्टचं सेंट्रल इंडिया डेटा सेंटर पुण्यातच आहे. सातपूरचं पॅकेट तरीही परदेशातल्या प्रॉक्सीतून फिरून येत असेल, तर लाइनचा वेग वाढवून काही होणार नाही.

मायक्रोसॉफ्टच्या एजपर्यंत (त्यांच्या नेटवर्कचं जवळचं टोक) जाऊन-येऊन १०० मिलिसेकंदांच्या आत, जिटर (पॅकेट पोचायच्या वेळेतला चढउतार) ३० च्या आत, आणि कुठल्याही १५ सेकंदांत पॅकेट लॉस १ टक्क्याच्या आत हवा. स्पीड टेस्टमध्ये २०० एमबीपीएस दिसलं म्हणून खूश होऊ नका, त्यात जिटर लपतो.

लाइन किती हवी? मीटिंगमधल्या व्हिडिओला शिफारस २.५ एमबीपीएस वर आणि ४ खाली, नुसत्या आवाजाला ५८ केबीपीएस. चाकणला एका वेळी ६ खोल्या आणि व्हिडिओ लावलेले २५ जण धरा: ३१ × ४ = १२४. शिवाय नुसत्या आवाजावरचे ४५ जण, जेमतेम ३. झाले १२७. त्यावर तीसेक टक्के जादा जागा ठेवली की १६५. १०० एमबीपीएसची लीज लाइन असेल तर टीम्स चित्राचा दर्जा उतरवून चालेल, पण त्याच लाइनवर बॅकअप सुरू झाला की आवाजही जाईल. बॅकअप रात्री न्या, हा सगळ्यात स्वस्त उपाय.

क्यूओएस (आवाज-चित्राला लाइनवर आधी वाट देणं) लावताना क्लायंटचे सोर्स पोर्ट: आवाज ५००००-५००१९, चित्र ५००२०-५००३९, स्क्रीन शेअर ५००४०-५००५९. डीएससीपी (पॅकेटवरची अग्रक्रमाची खूण) अनुक्रमे ४६, ३४, १८. जुन्या ग्रुप पॉलिसीत (सगळ्या विंडोज संगणकांवर एकदम लागणारी सेटिंग) ॲपचं नाव "टीम्स डॉट ईएक्सई" असतं, नव्या क्लायंटचं "एमएस-टीम्स डॉट ईएक्सई" आहे. ते बदललं नाही तर पॉलिसी नुसतीच नांदते, पॅकेटवर खूण काहीच लागत नाही. आणि ही खूण तुमच्या स्विचपासून तुमच्या वॅनपर्यंतच (साइट जोडणारं नेटवर्क) मानली जाते, उघड्या इंटरनेटवर तिला कोणी विचारत नाही.

खोलीतलं यंत्र केबलवरच ठेवा, वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कचा वेगळा कप्पा). लॅपटॉपसाठी ५ गिगाहर्ट्झ, सिग्नल -६७ डीबीएम किंवा बरा.

एव्ही_सुतार
घुमण्याचं साधं गणित: आपलाच आवाज समोरून परत ऐकू आला तर दोष बहुधा समोरच्या खोलीत. म्हणजे जर्मनीवाले "इको येतोय" म्हणाले की आपली खोली तपासायची. दहातल्या आठ वेळा तिथे दोन लॅपटॉप एकाच मीटिंगला जोडलेले असतात आणि एकाचा स्पीकर चालू राहिलेला असतो.

उरलेल्या दोन वेळा दोष काचेचा. हल्ली प्रत्येक केबिनला तीन बाजूंनी काच, वर जिप्सम, खाली टाइल. टाळी वाजवा, शेपूट ऐकू आली तर महागडा माइकही रडेल. घुमण्याचा वेळ ०.५ ते ०.६ सेकंदाच्या खाली यावा. कॅमेऱ्यासमोरच्या भिंतीवर आणि एका शेजारच्या भिंतीवर ५० मिमी जाडीचे ध्वनिशोषक पॅनेल आणि खाली कार्पेट, एवढ्यात बराच फरक पडतो. माइक एसीच्या झोताखाली नको.

टीव्हीचा आकार: ५५ इंची टीव्हीची उंची ६८ सेंमी. एक्सेल वाचायची तर शेवटची खुर्ची उंचीच्या सहापट अंतराच्या आत, म्हणजे साधारण ४.१ मीटर. त्यापुढे ६५ किंवा ७५ घ्या. कॅमेरा टीव्हीच्या वर टांगू नका, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांजवळ, जमिनीपासून १.२ मीटरच्या आसपास हवा. पाठीमागे खिडकी असेल तर ब्लाइंड लावा, नाहीतर चेहरे काळे दिसतात.

साधी यूएसबी २.० केबल ५ मीटरपर्यंतच, त्यापुढे ॲक्टिव्ह केबल किंवा कॅटसिक्सवरचा एक्स्टेंडर. कंत्राटदार दोन केबल जोडून १० मीटर करतो, आणि मग कॅमेरा अधूनमधून "सापडत नाही". कोटेशनमध्ये प्रत्येक केबलची लांबी आणि प्रकार लिहून घ्या.

चाकणकर_आयटी
सगळ्यांचे आभार. चाकणचा ट्रॅफिक पुण्याला वळसा घालूनच जातोय, आजच बघितलं. आता चार माणसांत सपोर्टचं कसं बसवू? आणि पायलट कुठे करू, हेड ऑफिसला?

हेल्पडेस्क_ताई
पायलट हेड ऑफिसला नको. तिथली लाइन चांगली, आयटी शेजारी, सगळं छानच दिसणार. सातपूरच्या दोन खोल्या, चाकणची एक आणि एक बोर्डरूम घ्या, सहा आठवडे चालवा.

प्रत्येक कन्सोलवर स्टिकर: खोली क्रमांक, हेल्पडेस्कचा एक्स्टेंशन आणि तिकिटाचा क्यूआर. फोन आला की एल१ ने (हेल्पडेस्कचा पहिला टप्पा) तीनच गोष्टी विचारायच्या. कोणती खोली? त्रास आपल्याला होतोय की समोरच्याला? मीटिंग कोणाची, आपली की बाहेरची? मीटिंग चालू असताना दुरुस्ती करायची नाही, आयोजकाला लॅपटॉपवर जोडून द्यायचं आणि खोली नंतर बघायची. पाच मिनिटांत सुटलं नाही तर ती मीटिंग गेलीच समजा.

नंतर टीम्स ॲडमिन सेंटरमध्ये त्या माणसाचं नाव शोधून कॉल ॲनालिटिक्स उघडा. मीडिया टीसीपीवर गेला असेल तर तिकीट नेटवर्ककडे. पॅकेट लॉस एकाच माणसाला असेल तर त्याच्या घरच्या वाय-फायकडे बोट. सगळे आकडे हिरवे आणि तरी तक्रार असेल तर हेडसेट किंवा खोली. हे वर्गीकरण झालं नाही की तिकीट तीन टीममध्ये चेंडूसारखं फिरतं. आठवड्यातून एकदा सीक्यूडीवर (टीम्सचा कॉल क्वालिटी डॅशबोर्ड) इमारतनिहाय बघा, पण त्याआधी प्रत्येक साइटचे सबनेट (आयपी पत्त्यांचे गट) तिथे अपलोड करा, नाहीतर चाकण आणि सातपूर वेगळे दिसतच नाहीत.

प्लांटमध्ये हमखास होणारी गोष्ट: विंडोजवरची टीम्स रूम रात्री अडीचला स्वतः रीस्टार्ट होते, अपडेटही रात्रीच घेते. सिक्युरिटीवाले वीज वाचवायला रात्री मीटिंग रूमचा एमसीबी पाडतात, मग सकाळी पहिल्या मीटिंगला अपडेट सुरू. इलेक्ट्रिकलला सांगून तो सॉकेट वेगळ्या एमसीबीवर, यूपीएसवर घ्या आणि त्यावर "बंद करू नये" लिहा.

स्टोअरला एक बार, एक टच कन्सोल, दोन पीओई इंजेक्टर (नेटवर्क केबलमधूनच वीज देणारे) आणि एचडीएमआय केबल शिल्लक ठेवा. एव्ही वेंडरच्या करारात "पुढच्या कामकाजाच्या दिवशी बदली" हे नाशिकसाठीही लागू असल्याचं लिहून घ्या. बरेचदा ते फक्त पुणे शहराचं असतं.

रेकॉर्डिंगचं धोरण आधी ठरवा. टीम्सची रेकॉर्डिंग सेटिंग न बदलल्यास १२० दिवसांनी संपतात, आणि ऑडिटवाले नेमकी त्याच्या आधीची मागतात. कोणत्या मीटिंगचं रेकॉर्डिंग किती दिवस ठेवायचं हे लीगल आणि एचआरकडून लेखी घ्या, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचा संदर्भ त्यांनाच लावू दे.

पॅकेटमोजणी
ताईंच्या एमसीबीला जोडून: ज्या पीओई स्विचवर कन्सोल आहे तोही त्याच यूपीएसवर हवा, आणि त्याचं पीओई बजेट मोजा. ८०२.३एटी या पीओई मानकाचा पोर्ट ३० वॅटपर्यंत देतो, पण ३७० वॅटच्या स्विचवर असे १२ पोर्ट भरले की संपलं. तेरावा कन्सोल चालू होतो, बंद होतो, आणि लोक टीम्सला शिव्या घालतात.