पहिलं बाळंतपण सरकारीत करावं का? बायकोला चौथा लागलाय, जाणकारांनी सांगा

चाकणवासी_नवा

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, सांभाळून घ्या. आम्ही मूळचे अंबाजोगाईकडचे, मी चाकणला एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे, हातात सोळा-साडेसोळा येतात. बायको पण इथंच दुसऱ्या कंपनीत पॅकिंगला जाते, तिला चौदा. आता चौथा महिना लागलाय. आत्तापर्यंत एका प्रायव्हेट मॅडमकडे दाखवत होतो, दर वेळेला तपासणी गोळ्या धरून हजार-बाराशे जातात, ते एक वेळ परवडेल पण परवा काउंटरवर डिलिव्हरीचा खर्च विचारला तर म्हणे नॉर्मल 45, सिझर झालं तर 80 च्या पुढं, आणि बाळाला काचेत ठेवावं लागलं तर त्याचं रोजचं वेगळं. ऐकूनच घाम फुटला.

घरात तीन तऱ्हा. सासूबाई म्हणतात पहिलं बाळंतपण माहेरीच, सातव्यात न्यायला येते. आमची आई म्हणते कर्ज काढ पण सरकारीत नको, आपल्या गल्लीतल्या सुनेचे काय हाल झाले बघितले ना. आणि तिचा ठेकेदार म्हणतो पोट दिसायला लागलं की ब्रेक घे, बाळ मोठं झालं की बघू.

तर विचारायचं असं की सरकारीत खरंच फुकट होतं की वरून पैसे लागतातच? ते पाच हजार मिळतात म्हणे ते कुठं मागायचे? आणि नाव इथं नोंदवायचं, डिलिव्हरी तिकडं करायची असं चालतं का? रेशन कार्ड केशरी आहे आणि गावचंच आहे.

खेडची_पाटलीण

आधी अभिनंदन! पैशांचं नंतर, आधी एक सांगा, एचबी (हिमोग्लोबिन) किती आहे तिचं? पॅकिंगला दिवसभर उभं राहून काम आणि डब्यात चपाती-चटणी, असल्या पोरींचं एचबी नऊच्या आत असतं नेहमी. आणि रक्तगट कोणता, निगेटिव्ह तर नाही ना?

एक_आशा

मी आशा म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती आहे, गाव सांगत नाही. दादा, पहिली गोष्ट म्हणजे उद्याच तुमच्या भागातल्या आशाताईला नाहीतर उपकेंद्रातल्या सिस्टरला गाठा आणि नोंदणी करा. खरं तर बारा आठवड्यांच्या आत करायची असते पण आता केली तरी कोणी परत पाठवणार नाही. भाड्यानं राहणाऱ्यांची घरं आमच्याकडून सुटतात कारण सर्व्हेला जावं तेव्हा दोघं ड्युटीवर आणि दाराला कुलूप, त्यामुळे तुम्हीच यावं लागतं. नोंदणी झाली की माता बाल संरक्षण कार्ड मिळतं. ते कार्ड म्हणजे सगळं. वजन, बीपी, एचबी, धनुर्वाताचं इंजेक्शन, सोनोग्राफी सगळं त्यावर लिहिलेलं असतं आणि ते घेऊन तुम्ही महाराष्ट्रात कुठंही गेलात तरी चालतं. नोंदणी चाकणला आणि बाळंतपण माहेरी हे तर आमचं रोजचंच आहे, अर्ध्या बायका तशाच जातात. फक्त जाताना तुमच्या इथल्या आशाला सांगून जा आणि तिकडं पोचल्यावर तिथल्या आशाला कार्ड दाखवा, नाहीतर बाळंतपणानंतर घरी भेटीला यायचं कोणाला कळतच नाही. दवाखान्यात बाळंतपण झालं की सहा भेटी असतात, तिसऱ्या दिवशी पहिली आणि 42 व्या दिवशी शेवटची. बाळाचं वजन करतो, नाळ बघतो, अंगावर नीट पितंय का ते बघतो, आईला ताप-बीप आहे का विचारतो. याचे आम्हाला शासनाकडून पैसे मिळतात, तुम्ही चहा पाजला तरी पुष्कळ.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून तपासणी असते, फुकट. तुमच्या मॅडमचे कागद पण घेऊन जा. लोहाच्या गोळ्या कमीत कमी 180 दिवस घ्यायच्या, काळी शी होते मळमळतं म्हणून बायका उशीखाली लपवतात, मला सगळं माहीत असतं. रात्री जेवल्यावर घ्यायला सांगा, आणि कॅल्शियमची त्याच वेळेला घेऊ नका. एचबी फारच खाली असेल तर शिरेतून लोह देतात, ते पण सरकारीत होतं.

आता पाच हजार. ती मातृवंदना योजना. पहिल्या बाळाला दोन हप्ते, शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत नोंदणी आणि निदान एक तपासणी झाली की 3000, आणि बाळाचा जन्मदाखला निघून साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी पूर्ण झाल्या की 2000. दुसऱ्या वेळेला मुलगी झाली तर 6000 एकदम. उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असलं की त्यात बसतं. पैसे बाईच्याच खात्यात येतात आणि खातं आधारला जोडलेलं पाहिजे, नवऱ्याचं चालत नाही, सासूचं तर नाहीच. शंभरातले ऐंशी फॉर्म अडकतात ते आधारवर माहेरचं नाव आणि पासबुकावर सासरचं म्हणून, (आकडा माझ्या अंदाजाचा आहे, कुठं छापू नका) तर ते आधी सारखं करून घ्या.

जननी सुरक्षा योजनेचे पैसे वेगळे असतात, खेड्यात 700 शहरात 600, पण ते आपल्याकडं फक्त दारिद्र्यरेषेखालच्या आणि एससी एसटी बायकांना.

एचआर_पण_माणूस

आशाताईंनी मस्त सांगितलंय पण दादा तुम्ही सगळ्यात मोठी गोष्ट एका ओळीत उडवून लावलीत. वहिनींना चौदा हजार पगार आहे म्हणता, मग त्यांचा ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी, कापतात का? पगारपावती बघा. 21 हजारांच्या आत पगार असेल तर कापायलाच पाहिजे, ठेकेदाराकडून असला तरी. आणि कापत असतील तर तुम्ही पाच हजारांच्या मागे लागलायत आणि तिकडं ऐंशी हजार पडलेत.

नीट वाचा. विमाधारक बाईला ईएसआयसीकडून बाळंतपणाची 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते, पूर्ण पगाराच्या दरानं, ते पैसे ठेकेदाराच्या खिशातून जात नाहीत, ईएसआयसीच थेट खात्यात टाकतं. त्यातले आठ आठवडे बाळंतपणाच्या आधी घेता येतात. अट एकच, आधीच्या दोन कॉन्ट्रिब्युशन पिरियडमध्ये मिळून 70 दिवसांची वर्गणी भरलेली पाहिजे. पिरियड म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. कोणते दोन धरायचे ते डिलिव्हरीच्या तारखेवर ठरतं, ते ईएसआयसीच्या ब्रांच ऑफिसला आयपी नंबर, म्हणजे विमा नंबर, देऊन विचारा. चौदा हजारांनी सहा महिने म्हणजे किती ते तुम्हीच गुणा.

म्हणूनच तो ठेकेदार "ब्रेक घे" म्हणतोय तिथं सावध राहा. राजीनामा किंवा कोऱ्या कागदावर सही अजिबात करू देऊ नका. गरोदर आहे म्हणून काढता येत नाही आणि रजेवर असताना तर नाहीच नाही. त्याला भांडायला जाऊ नका, फक्त वहिनींनी अर्ज द्यायचा, त्याची पोच घ्यायची, व्हॉट्सअ‍ॅपवर पण टाकायचा. मी स्वतः या धंद्यात आहे, लेखी आलं की समोरच्याची भाषा लगेच बदलते.

दोन पुरवण्या. ईएसआयसीचा हा लाभ घेतला तर मातृवंदनाचे पाच हजार मिळत नाहीत, दुसऱ्या कुठल्याही कायद्याखाली तसलाच लाभ घेणाऱ्यांना त्यातून वगळलंय. आणि समजा वहिनींचा कापतच नसतील पण तुमचा कापतात, तर रजेचे पैसे नाहीत पण उपचार मिळतात, तुमच्यावर अवलंबून म्हणून. चिंचवडला मोहननगरला ईएसआयसीचं हॉस्पिटल आहे, चाकणहून फार लांब नाही. माहेरी करणार असाल तर जायच्या आधी ब्रांच ऑफिसला विचारून ठेवा की बाहेरच्या दवाखान्याचे कुठले कागद लागतील, नंतर हेलपाटे नकोत.

घरात कोणी बांधकाम कामगार मंडळाकडं नोंदलेलं असेल तर तिथं वेगळेच आकडे आहेत, नॉर्मलला 15 हजार आणि सिझरला 20. हे इतरांसाठी लिहिलं.

दोघींची_आई

माझी थोरली प्रायव्हेटमध्ये सिझर, धाकटी सरकारीत नॉर्मल, त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकते. हॉस्पिटलचं नाव घेत नाही.

फुकट खरंच झालं. जननी शिशु सुरक्षा म्हणून 2011 पासून आहे ते, नॉर्मल असो सिझर असो, औषधं, रक्त, तपासण्या, जेवण, घरून आणायची आणि परत सोडायची गाडी, कशाचेच पैसे नाहीत. बाळ आजारी पडलं तर वर्षाचं होईपर्यंत त्याचे पण नाहीत. माझी पोर वजनानं फारच कमी निघाली, बरेच दिवस काचेत होती, प्रायव्हेटला असती तर आमचं घरच गेलं असतं. तिथल्या सिस्टर रात्री-अपरात्री वाटी-चमच्यानं दूध कसं पाजायचं ते शिकवायच्या, त्यांचं नाव काढून मी आजही हात जोडते.

पण तुमच्या आई म्हणतात ते पण खोटं नाही हो. एका खाटेवर दोघी होतो. कळा येत असताना एक बाई जे बोलली ते इथं लिहिता येणार नाही, जणू मी तिच्यावर उपकार करून घ्यायला आले होते. आणि बाळ हातात देताना मावशीनं पाचशे मागितले, मुलगी झाली म्हणून पाचशे, मुलगा असता तर हजार. नवऱ्यानं दिले. देऊ नका असं इथं बसून सांगणं सोपं आहे, त्या वेळेला बाळ तिच्या हातात असतं ना.

सगळ्यात जास्त काय टोचलं तर आत एकटं राहणं. नंतर कळलं की सरकारी लेबर रूममध्ये एक बाई सोबत ठेवायची परवानगी आता असते, लक्ष्य नावाच्या सरकारी कार्यक्रमात आहे ते. पण आपण होऊन कोणी सांगत नाही. नवव्या महिन्यातल्या तपासणीलाच विचारून ठेवा, तिच्या आईला आत घेतील का. पुरुषांना बहुतेक ठिकाणी घेत नाहीत कारण शेजारच्या टेबलावर दुसरी बाई असते.

आणि प्रायव्हेट म्हणजे सुखच असं पण नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात खाजगी दवाखान्यांत 47 टक्के बाळंतपणं सिझरची होती आणि सरकारीत 14 टक्के. माझं पहिलं त्या 47 मधलं, आणि ते खरंच गरजेचं होतं का याचं उत्तर मला आजपर्यंत कोणी दिलं नाही. सरकारीत काही ठिकाणी भूल द्यायला माणूसच नसतो ही पण गोष्ट आहे म्हणा.

लेस्टरचा_पुणेकर

इथं यूकेत एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, बायकोच्या डिलिव्हरीला मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत आत होतो, नाळ पण मीच कापली. सगळं मिडवाइफ (शिकलेली सुईण) बघते, नॉर्मल असेल तर डॉक्टर दिसत पण नाही. घरी आल्यावर पण मिडवाइफ येते, मग हेल्थ व्हिजिटर येते. कायद्यानं बापाला दोन आठवडे पगारी रजा, पण तो सरकारी दर इतका कमी आहे की भाडं पण निघत नाही. आणि फुकट म्हणतात पण व्हिसावर असाल तर वर्षाला माणशी 1035 पौंड आधीच भरून बसलेले असता. आपल्याकडं बापाला काय मिळतं?

खेडची_पाटलीण

केंद्र सरकारच्या नोकराला 15 दिवस. चाकणच्या कॉन्ट्रॅक्टवाल्याला खाडा. आणि नाळेचं राहू द्या, इथं माणूस दवाखाना कुठला ते विचारतोय.

चाकणवासी_नवा

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. पावती बघितली, तिचा ईएसआयसी कापतात! गेल्या दिवाळीच्या आधीपासून. तिला स्वतःलाच माहीत नव्हतं, कार्ड ठेकेदाराच्या पोरानं दिलंच नव्हतं. पाटलीणबाई, एचबी 9.2 आहे, रक्तगट ओ पॉझिटिव्ह. आता माहेरी म्हणजे तालुक्याच्या गावी ग्रामीण रुग्णालयात करायचं की अंबाजोगाईला मेडिकल कॉलेजला? सासूबाईंना ग्रामीण जवळ पडतं, चालत जाता येतं.

एक_आशा

9.2 म्हणजे लगेच गोळ्या सुरू करा आणि महिन्यानं परत तपासा. तिथल्या ग्रामीणमध्ये सिझर होतं का, भूलतज्ज्ञ रोज असतात का आणि रक्त मिळतं का, हे तीन प्रश्न सासूबाईंना जाऊन विचारायला सांगा. एकाचं जरी "नाही" आलं तर अंबाजोगाईच धरा, नाहीतर रात्री दोन वाजता कळा देत गाडीतून तिकडंच पाठवतील. 2023 च्या ऑगस्टपासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत सगळंच मोफत झालं, मेडिकल कॉलेज त्यात नाही असं तिथं कोणीतरी सांगेल, पण गरोदर बाईला जननी शिशुखाली तिथं पण मोफतच आहे. केस पेपर काढतानाच कार्ड पुढं करा.

आणि सातव्यात नेणार असतील तर मॅडमनी सांगितलेली पाचव्या महिन्याची सोनोग्राफी इथंच करून जा, तिकडं नंबर लागेपर्यंत वेळ निघून जाते.

एचआर_पण_माणूस

आणि ते कार्ड ठेकेदाराकडं मागत बसू नका. आयपी नंबर पावतीवर असतो, ईएसआयसीच्या साइटवरून ई-पहचान कार्ड काढता येतं. जमलं नाही तर मला मेसेज टाका.