मदत हवी आहे : डोक्याच्या डॉक्टरला दाखवलं तर कामावर कळतं का?

गप्प_गडी : लवकर सांगा, सोमवारी सुट्टी आहे, पुढं महिनाभर नाही. मानसोपचारवाल्याकडून एकदा तपासून घ्यायचंय. केसपेपरचं कामावर कळतं का? गाव लहान, दवाखान्यातल्या कंपाउंडरचा मेव्हणा आमच्याच इथं कामाला. "जाऊ नको" हे घरचे रोज सांगायलेत, ते सोडून सांगा.

मांजराकाठ : व्हायलंय काय नेमकं? काम कुठलं? गाव? काही न सांगता काय सांगावं माणसानं.

बालाघाट : भाऊ, पहाटे उठून चाला, मोबाईल बंद ठेवा. मी इगतपुरीला दहा दिवस विपश्यना केली, तवापासून निवांत.

सिस्टर_परभणी : दहा दिवस मिळत असते तर ते सोमवारचं कशाला बोलले असते? जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३ आहे, उपचाराची माहिती गुप्त ठेवावी लागते. कोर्ट, जिवाचा धोका असे मोजके अपवाद. मालकाला कुणी आपणहून कळवत नाही.

मांजराकाठ : मेव्हण्याला कलम २३ कोण वाचून दाखवणार? गावात दाखवूच नका. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात जा. तिथल्या गर्दीत कोण कुणाला ओळखतंय.

हुरडा : अंबाजोगाईला अजून रेल्वे नाही, हे लक्षात घ्या. नगरची लाईन परळीला कधी टेकणार देव जाणे.

पेन्शनर : दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरतात. आधार आणि फोटो तयार ठेवा.

गप्प_गडी : मला प्रमाणपत्र नको ओ! दोन महिने झाले, झोप येईना गेलीय. डोळा लागला की दचकून उठतो, छातीत धडधड. लातूर-पुणे रात्रीच्या ट्रॅव्हल्सवर ड्रायव्हर आहे. मालकाला कळलं की गाडी दुसऱ्याच्या हातात.

मांजराकाठ : हे आधी सांगायचं की राव!

सिस्टर_परभणी : मग डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगा, रात्री बस चालवतो. काही गोळ्यांनी गुंगी येते, त्यामुळं ते विचारल्याशिवाय स्टेअरिंगला हात नको. धडधड थायरॉईडनंही होते, रक्त तपासायला सांगतील. तोवर टेली-मानस या सरकारी हेल्पलाईनला १४४१६ लावा, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. आणि सरळ विचारते, मरायचे विचार येतात का? आज रात्री गाडी आहे का?

बालाघाट : ढाब्यावर चहा किती होतात रात्रीतून?

गप्प_गडी : आठ-दहा. तसले विचार नाहीत, ताई. सोमवारपर्यंतच्या खेपा दुसऱ्याला दिल्या, पोट बिघडलंय म्हणून. पोटाचं म्हणलं की कुणी काही विचारत नाही.

बालाघाट : आठ-दहा!! अन् मी आपला विपश्यना सांगालोय.

गप्प_गडी : अंबाजोगाईला जातो. घरी परळीला वैजनाथाच्या दर्शनाला चाललो म्हणून सांगितलंय.

हुरडा : परळीला जाणारच असाल तर रुळाचं काम कुठवर आलंय तेवढं बघून या.