क्लेपोनसाठी मोदकाची पिठी चालेल का?

धरमपेठकर
इंडोनेशियातील क्लेपोन हा गोड पदार्थ घरी करून पाहण्याचा विचार आहे. तांदळाच्या पिठाच्या हिरव्या गोळ्यांत गूळ भरून त्या उकळत्या पाण्यात शिजवतात आणि ओल्या खोबऱ्यात घोळवतात, एवढे वाचून समजले. परंतु पाककृतींत ज्या चिकट तांदळाच्या पिठाचा उल्लेख येतो, ते आमच्या नेहमीच्या किराणा दुकानात मिळत नाही आणि घरात मोदकाची पिठी मात्र भरपूर आहे. तिची उकड काढून हे साधेल का? रंग-सुवासासाठी घालायच्या पांदानच्या पानांऐवजी केवड्याचे पाणी आणि तिकडच्या गुळाऐवजी आपला साधा गूळ वापरला तर चालेल का? शिवाय काही ठिकाणी ओंदे-ओंदे या नावाखाली हाच पदार्थ दिसतो, तर काही ठिकाणी तीळ लावून तळलेले गोळे दिसतात. यांपैकी कोणती पाककृती धरावी?

तांदूळपारखी
तळलेली पाककृती बाजूला ठेवावी. जावामध्ये ओंदे-ओंदे म्हणजे मुगाचे सारण भरून तीळ लावून तळलेला गोळा, आणि मोजोकर्तो हे शहर त्यासाठी प्रसिद्ध आहे. सुमात्रा व मलेशियात मात्र क्लेपोनलाच ते नाव आहे. पूर्व जावात क्लेपोनसाठी पासुरुआन जिल्ह्यातील गेम्पोल या गावाचे नाव घेतात.

आता पिठाविषयी. गूळ, रंग, सुवास यांत तडजोड करता येते, पिठात करता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. स्टार्चचे अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन घटक असतात. चिकट तांदळाच्या स्टार्चमध्ये अमायलोज जवळजवळ नसते आणि बहुतेक सगळे चिकटपणा देणारे अमायलोपेक्टिन असते, म्हणून शिजल्यावर त्याचे आवरण लवचिक होते आणि आतला गूळ वितळून पातळ झाला तरी ते सहसा तडकत नाही. आपल्या नेहमीच्या तांदळात अमायलोज बरेच असते. त्यामुळे उकडीची पारी वाफेवर सुरेख होते, पण उकळत्या पाण्यात सोडल्यास ती चिरते आणि गूळ पाण्यात उतरतो. मोदकाची पिठीच वापरायची असेल तर गोळे वाफवावेत. खायला ते चांगलेच लागतील, मात्र तो गोल आकाराचा मोदक झाला, क्लेपोन नव्हे. पीठ विकत घेताना पाकिटावर ‘ग्लुटिनस राइस फ्लोअर’ असे छापले आहे ना, हे पाहावे. (त्यात गव्हातले ग्लुटेन नसते, हे ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांच्यासाठी.) ऑनलाइन ते मिळते. आसामचा बोरा तांदूळ कोणाकडून मिळाला तर तो भिजवून, निथळून, दळून घेतलेले पीठही चालावे, कारण तोही चिकट जातीचाच आहे.

केवडा टाळावा. पांदान केवड्याच्याच कुळातले असले तरी केवड्याचा उग्र वास फुलाचा असतो, आणि पांदानच्या पानाला बासमतीसारख्या सुवासिक तांदळाचा मंद वास येतो. पांदान आणि बासमती या दोन्हींत सुवासाचे मुख्य द्रव्य एकच आहे. आपल्याकडे या पानाला आंबेमोहर पान म्हणतात. रोपवाटिकेत रोप मिळाल्यास सावलीत ठेवून भरपूर पाणी द्यावे, कारण नागपूरचा मे महिना त्याला मानवणारा नाही.

महालकर
वरील मताशी सहमत आहे, फक्त गुळाच्या बाबतीत मी इतका उदार होणार नाही. तिकडे ताडाच्या जातीच्या आरेन झाडाचा किंवा नारळाचा गूळ वापरतात, आणि त्याला जो किंचित धुरकट, खरपूस स्वाद असतो तो उसाच्या गुळात नाही. खजुराचा किंवा ताडाचा गूळ मिळाल्यास तोच घ्यावा. गूळ बारीक चिरून, कोरडाच भरावा. आधी पाक करून भरल्यास गोळी बंद करताना कड ओली होते आणि नंतर नेमकी तेथेच उघडते.

खोबरे ताजे व पांढरेच हवे. किसून त्यात चिमूटभर मीठ घालून दहा-पंधरा मिनिटे वाफवून घ्यावे, म्हणजे ते लवकर आंबत नाही. आपल्याकडे वाळलेल्या खोबऱ्याचा कीस सहज हाताशी असतो, पण तो येथे कोरडा लागतो आणि गोळीला नीट चिकटतही नाही.

धरमपेठकर
दोघांचेही आभार. पीठ ऑनलाइन मागवतो. पाहुणे रविवारी सकाळी येणार आहेत. शनिवारी रात्री करून फ्रीजमध्ये ठेवले तर चालेल का?

तांदूळपारखी
फ्रीजमध्ये ठेवू नये, आवरण कडक होते आणि गूळही पुन्हा घट्ट बसतो. शनिवारी खोबरे किसून ठेवावे आणि गूळ चिरून ठेवावा. पीठ सकाळीच कोमट पाण्यात, पाणी थोडे थोडे घालत, दाबल्यावर कड फाटणार नाही इतके मऊ मळावे. गोळ्या लिंबापेक्षा लहान वळाव्यात. त्या पाण्यावर तरंगू लागल्यावर लगेच न काढता आणखी एक-दोन मिनिटे राहू द्याव्यात, म्हणजे मधला गूळ पूर्ण वितळतो. निथळून गरम असतानाच खोबऱ्यात घोळवाव्यात. पाहुण्यांना मात्र आधीच सांगून ठेवावे, की गोळी थोडी निवू द्यावी आणि अख्खी तोंडात टाकून ओठ मिटूनच चावावी, नाहीतर गुळाची चिळकांडी समोरच्याच्या सदऱ्यावर उडते.